उद्योगातील सेवावृत्ती : ऐंशी रुपयांची एक कहाणी

पुढारी हा शब्द आपल्याकडे सभा, मिरवणुका आणि निवडणुका यांच्याशी इतका जोडला गेला आहे की, धंद्यालाही पुढारी लागतो हे चटकन ध्यानात येत नाही. धंद्यात मालक असतो, मुनीम असतो, मुकादम असतो, पुढारी कशाला? त्यातून ‘धंदा’ आणि ‘सेवा’ हे दोन शब्द शेजारी शेजारी बसले की आपल्याला ते विजोडच वाटतात. सेवा म्हटली की ती पदरमोड करून करायची आणि धंदा म्हटला की त्यात थोडे इकडचे तिकडे व्हायचेच, अशी आपली एक जुनी समजूत आहे. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक विषय घ्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा हीच समजूत इतिहासाच्या कसोटीला लावून पाहावी असे मी ठरविले. विषय कोरडा वाटला तरी भगिनींनी कंटाळू नये. कारण या कहाणीचा मोठा भाग पोळपाट-लाटण्याचाच आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. नागपूरला १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळी गिरणी म्हणजे उकाडा, सुताची धूळ आणि उगवतीपासून मावळतीपर्यंतचे काम. आज आलेला कामगार उद्या येईलच असा भरवसा नसे. दंड करावा, पगार कापावा, हाच गिरणीवाल्यांचा यावरचा ठरीव उपाय. जमशेटजींनी वेगळी वाट धरली. गिरणीत हवा खेळती राहावी म्हणून त्यांनी खर्च केला, १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ साली, कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळावी अशी सोय केली. अपघाताच्या भरपाईचा सरकारी कायदा या देशात १९२३ साली आला, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

दुसरे उदाहरण तर आपल्या घरचेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची भीती होती, आणि पहिले नांगर कितीतरी दिवस विकल्यावाचून पडून राहिले. पण माणूस खचला नाही. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ त्यांना दिला, आणि १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे उभी राहिली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा दंडक घातला गेला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी राखणीचे काम सोपविले. विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो, हे त्यांनी बोलून नव्हे तर करून दाखविले. आपल्या आयाआज्यांनी दुपारच्या वेळी आवडीने वाचलेले ‘स्त्री’ मासिक १९३० साली याच किर्लोस्करांच्या घरातून निघाले.

ही दोन्ही माणसे थोर खरीच. पण त्यांचे थोरपण हे मालकाचे थोरपण होते. मालकाचे मन मोठे, म्हणून कामगाराला सुख. मालकाच्या मनावर अवलंबून असलेले सुख हे शेवटी दुसऱ्याच्या छत्रीखाली उभे राहिल्यासारखेच. छत्री कितीही मोठी असली तरी तिचा दांडा आपल्या हाती नसतो. स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी १९०९ पासून किती तरी बायकांना शिकविले आणि स्वतःच्या पायावर उभे केले. तरीही शिकलेल्या हाताला काम देणारी पेढी बहुधा दुसऱ्या कुणाची तरीच असे. जिने काम करायचे तीच मालकीण, आणि मालकीण म्हणजे एक नव्हे तर सगळ्याच, असा धंदा होऊ शकतो का? या प्रश्नाचे उत्तर मुंबईत, गिरगावातल्या एका गच्चीवर मिळाले.

माझे माहेर गिरगावचे. उन्हाळा आला की आमच्याकडच्या चाळींच्या गच्च्यांवर काय दृश्य असे, हे जुन्या भगिनींना सांगावयास नको. कुरडया, सांडगे, पापड, फेण्या. आणि कावळ्यांना हाकलण्यासाठी काठी घेऊन बसविलेली आम्ही पोरेबाळे. हे वाळवण घरचे, घरासाठीचे. त्याचे कुणी पैसे मोजले नाहीत आणि करणारीच्या कष्टांचीही मोजदाद झाली नाही. आमच्या आया भर उन्हात शेकडो पापड लाटत, आणि ‘घरातली बाई काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर दिले जाई.

अशाच एका गच्चीवर, लोहाणा निवास नावाच्या इमारतींपैकी एका इमारतीच्या माथ्यावर, १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणी एकत्र जमल्या. त्यांत जसवंतीबेन जमनादास पोपट या एक होत्या. शिक्षण बेताचे, घर बेताचे, आणि अंगी कसब म्हणाल तर जे प्रत्येक गृहिणीच्या अंगी असते तेच. कामे आटोपल्यावर दुपारचा वेळ हाती राहतो, त्यात संसाराला चार पैशांची जोड व्हावी, एवढाच हेतू. पैसा जवळ नव्हता. तेव्हा छगनलाल करमसी पारेख नावाच्या सामाजिक कार्यकर्त्याकडून त्यांनी ऐंशी रुपये घेतले. छगनबापा म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ, नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यास स्थापिलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सदस्य होते. त्या ऐंशी रुपयांत एक तोट्यात गेलेला पापडाचा लहानसा धंदा आणि लागणारे सामान घेऊन कामाला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी पापडाचे चार पुडे तयार झाले, आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विक्रीस गेले.

आता येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. छगनबापांनी दिले ते ऐंशी रुपये उसने होते, दान नव्हते. आणि त्या सात जणींनी पहिल्यापासूनच मनाशी गाठ मारली होती की, धंदा तोट्यात गेला तरी चालेल, पण कुणापुढे मदतीसाठी पदर पसरायचा नाही. वर वर पाहता हा हट्ट वाटेल. गरजू बायका, देणारे चार श्रीमंत. घेतले तर बिघडले काय? बिघडते ते असे. दान घेणारीला उपकाराच्या ओझ्याखाली मान वर करता येत नाही. उसने घेणारीला ते फेडण्यासाठी ताठ उभे राहावे लागते. दानावर चाललेला उद्योग दान आटले की बंद पडतो, आणि तोवर माल कसा झाला, हे कुणी विचारीत नाही. घेणारे गिऱ्हाईकसुद्धा ‘बिचाऱ्या बायका’ म्हणून घेते आणि एकदाच घेते. चांगला आहे म्हणून घेतलेला पुडा संपला की ते पुन्हा येते. ‘बिचाऱ्या’ हा शब्द ज्या धंद्याला चिकटला तो धंदा राहत नाही, हे त्या सात जणींना कुणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

छगनबापांचे मोठेपण मला दिसते ते पुढच्या गोष्टीत. धंदा सुरू झाला तेव्हा दोन प्रतीचे पापड करण्याची कल्पना निघाली होती. एक चांगला, एक हलका. हलका स्वस्तात विकायचा. बाजारात सर्वांचीच ती रीत. छगनबापांनी सल्ला दिला की पापड एकाच प्रतीचा करा आणि तो उत्तमच करा. प्रतीत तडजोड करू नका. दुसरा सल्ला असा की, हे मंडळ म्हणून नव्हे, धंदा म्हणून चालवा आणि हिशेब चोख ठेवा. बारकाईने पाहिले तर समाजसेवकाच्या तोंडी हे बोल चमत्कारिक वाटतील. सेवक म्हणतो धंदा करा! पण सेवेचा खरा अर्थ त्यांना कळला होता, असे मी म्हणेन. गरजू बाईविषयी नुसती कणव दाखविली की ती गरजूच राहते. तिच्या मालाला बाजारात ताठ मानेने उभे केले, तिच्या हाती वही दिली, की ती गरजू राहत नाही. पैसे देणाऱ्याने मालक होऊन बसावे, पाटीवर आपले नाव घालावे, ही जगाची रीत. छगनबापा मार्गदर्शक राहिले आणि मालकी त्या बायकांचीच राहिली.

पहिल्या वर्षाची हकीकत वाचताना मात्र असे वाटते की, हा उद्योग मोडण्याचीच सगळी चिन्हे होती. पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. आपल्यापैकी कितीजणींचे उद्योग अशा पहिल्या पावसात वाहून गेले असतील! त्यांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. एवढ्या साध्या युक्तीने पावसाळा जिंकला. कोणा तज्ज्ञाला विचारावे लागले नाही. ज्या हातांनी रोज स्टोव्ह पेटविला त्याच हातांनी ही वाट शोधली. तुटलेले पापड विकले जात नसत, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जात. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. रक्कम आज हसू येण्याजोगी वाटेल. पण ती चार-चार पुड्यांनी जमविलेली होती.

सुरुवातीच्या तीन महिन्यांत पंचवीसच्या आसपास बायका कामाला येऊ लागल्या, आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. गच्ची अपुरी पडली. आता काय करावे? मोठी जागा घ्यावी तर भाडे अंगावर पडणार. आणि घरची म्हातारी माणसे, पाळण्यातली मुले टाकून बाईने आठ तास दुसरीकडे बसावे, हेही अवघड. तेव्हा मळलेले पीठ घरोघर न्यायचे, घरी लाटायचे, वाळवायचे आणि पापड आणून द्यायचे, अशी रीत पडली. ती रीत आजही चालू आहे. सकाळी लवकर केंद्रावर जायचे, आदल्या दिवशीचे पापड तपासून व वजन करून द्यायचे, त्याची लाटणावळ घ्यायची आणि नवे पीठ घेऊन परत यायचे. उडीद, हिंग, मिरी हे सामान एकत्र खरेदी होते, म्हणून पापड कोणत्याही गावी लाटलेला असो, चव एकच लागते. सभासद करून घेण्याआधी घर स्वच्छ आहे की नाही आणि पापड वाळवायला जागा आहे की नाही हेही पाहिले जाते.

आमच्या चाळीतही अशी एक काकू होती. पहाटे अंधारातच ती डबा घेऊन बाहेर पडे आणि आम्हा मुलांना शाळेत जाण्याच्या वेळी तिच्या दारातून लाटण्याचा आवाज येत असे. आपल्या मुलीच्या शाळेची फी ती स्वतः भरते, हे सांगताना तिचा चेहरा कसा होई, ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मला त्यातले मर्म पुढे संसारात पडल्यावर कळले. महिन्याच्या महिन्याला पगार घरी येणे निराळे, आणि बाईने आज केलेल्या कामाचे पैसे बाईच्याच हातावर पडणे निराळे. भाजीला, वहीला, औषधाला मागायचे म्हटले की किती शब्द खर्ची घालावे लागतात, हे ज्या जाणतात त्यांना यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

१९६२ साली या पापडाला नाव मिळाले. नाव सुचविण्यासाठी पाच रुपयांचे बक्षीस ठेवले होते. ‘लिज्जत’ हे नाव पसंत पडले. गुजरातीत त्याचा अर्थ चव, गोडी. संस्थेचे नाव झाले श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. १९६२-६३ साली विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ग्रामोद्योग म्हणून तिला मान्यता दिली. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा उच्छंगराय ढेबर होते. आयोगाकडून आठ लाख रुपयांचे खेळते भांडवल मिळाले. सात वर्षे स्वतःच्या बळावर उभे राहिल्यानंतर मिळालेले हे भांडवल आहे, हे विसरू नये. १९६८ साली गुजरातेत वालोड येथे शाखा निघाली, आणि पुढे शाखा वाढत वाढत गावोगाव पोहोचल्या.

सगळे प्रयत्न फळाला आले असेही नाही. मुंबईतच मालाडला १९६१ मध्ये शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. पुढे चामड्याच्या वस्तू, आगकाड्या, उदबत्त्या असे उद्योग करून पाहिले, तेही जमले नाहीत. पण खाकरा, मसाले, वड्या, कपडे धुण्याची पावडर यांनी मूळ धरले. जे जमले नाही ते बंद करावे आणि त्यापायी पापडाला धक्का लागू देऊ नये, एवढे तारतम्य त्यांनी ठेवले. आज या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी काम करतात. आरंभीच्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या घरात होते.

परंतु आकड्यांनी भारून जाऊन मी हा विषय घेतलेला नाही. मला महत्त्वाची वाटते ती या संस्थेची घडण. येथे नोकर म्हणून लाटायला कुणी येत नाही. येणारी प्रत्येक स्त्री सभासद आणि सहमालकीण असते, आणि सगळ्या एकमेकींना ‘बहीण’ म्हणतात. नवी बहीण आली की ती प्रतिज्ञा घेते. पुरुषांना सभासद होता येत नाही; हिशेब, गाड्या, दुकान यांसाठी ते पगारावर असतात, मालकी आणि नफा यांत त्यांचा वाटा नाही. शाखा चालविणारी संचालिका याच बहिणींमधून येते. कारभार २१ जणींची समिती पाहते, आणि त्याही लाटण्यापासूनच वर आलेल्या. नफा झाला तर तो सर्वांचा, तोटा झाला तर तोही सर्वांचा. दहा वर्षांची जुनी बहीण आणि कालची नवी बहीण, दोघींचा वाटा सारखा. निर्णय शक्यतो एकमताने व्हावा, एकीचाही विरोध असला तर तो ऐकून घ्यावा, असा संकेत आहे.

सेवावृत्तीचे पुढारपण म्हणतात ते मला येथे सापडते. पुढारी चांगला की वाईट हे त्याच्या भाषणावरून ओळखू नये. नियम प्रथम कुणाला लागू होतो, यावरून ओळखावे. ज्या संचालिकेने काल स्वतः पापड लाटले, तिला आज दुसरीचा कच्चा राहिलेला पापड परत करताना शब्द जपून वापरावा लागतो. आणि तो परत करावाच लागतो, कारण उद्या पुड्यावर नाव सर्वांचे जाणार असते. माया आणि कडकपणा या दोन्ही गोष्टी एकाच हातात असणे हे आपण आईच्या ठिकाणी पाहतो. धंद्यात ते क्वचित दिसते. बहुतेक ठिकाणी माया करणारा माणूस हिशेबाकडे काणाडोळा करतो, आणि हिशेबाला पक्का असलेला माणूस माया करावयास विसरतो.

गिरगावापासून थोड्याच अंतरावर, गिरणगावात, याच वृत्तीचे दुसरे रोप पुढे रुजले. गावाकडून एकटे आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका तेथे पिढ्यान्‌पिढ्या चुलीशी राबत होत्या. महिनाअखेर पैसे मिळणार, तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराचे व्याज. दागिना गहाण पडला तो पडलाच. प्रेमा पुरव यांनी, ज्या तरुणपणी गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले. गहाण ठेवायला काही नाही, तर एकीने दुसरीची हमी घ्यावी, असा मार्ग निघाला. येथेही तेच सूत्र पाहा : दान नाही, कर्ज, आणि कर्जापाठोपाठ फेड. येथेही पुढारीणबाईंनी बायकांना आपल्या पदराखाली घेतले नाही, बँकेच्या खिडकीपुढे त्यांना त्यांच्याच नावाने उभे केले.

पापडाच्या धंद्यात सर्व काही गोडच आहे असे म्हणणे खरे होणार नाही. लाटण्याचे काम कष्टाचे; पाठ आणि मनगट भरून येते. जितके लाटाल तितके मिळेल, हा हिशेब आजारी पडलेल्या बाईला जड जातो. ज्या घरात वाळवायला कोपरा नाही, तिला हे काम मिळणे कठीण. पापड लाटून कुणी माडीवर माडी चढविली नाही. पण घरी बसल्या बसल्या, मुलाबाळांना डोळ्यांआड न करता, कुणाचे मिंधेपण न पत्करता बाईला आपला घास मिळविता आला, आणि ज्या धंद्यात ती राबली त्याची ती मालकीणही झाली. या दोन गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात.

हे सारे मी आजच का लिहीत आहे, हे आता उघड सांगते. आपल्या मंडळाने येत्या उन्हाळ्यात वाळवणाचे आणि मसाल्याचे काम काढावे, अशी सूचना बऱ्याच भगिनींनी केली आहे. कुणी म्हणतात की एखाद्या दानशूर गृहस्थांकडून देणगी घ्यावी आणि पुड्यांवर त्यांचे नाव छापावे. कुणी म्हणतात की एखाद्या जाणत्या बाईच्या हाती सगळे सोपवून मोकळे व्हावे. दोन्ही सूचना सद्‌भावनेच्याच आहेत. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत मंडळांचे असे तीन-चार उद्योग निघताना आणि बंद पडताना मी जवळून पाहिले आहेत. एका ठिकाणी देणगी संपली आणि काम संपले. दुसऱ्या ठिकाणी सगळे काम एकाच ताईंच्या अंगावर होते, हिशेब त्यांच्या डोक्यात होता. त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि बाकीच्यांना मसाला कुठून आणायचा हेही ठाऊक नव्हते. त्या ताई फार भल्या होत्या. पण आपल्यावाचून चालणार नाही असे काम उभारणे, यात भलेपणा असला तरी पुढारपण नाही. आपल्यामागे ते चालत राहील अशी घडी बसवून देणे, हेच पुढाऱ्याचे खरे काम.

म्हणून माझी सूचना अशी. देणगी घेऊ नये; आपापसांत थोडे थोडे भांडवल उभे करावे, कमी पडल्यास उसने घ्यावे आणि ते फेडण्याची मुदत वहीत लिहून ठेवावी. माल एकाच प्रतीचा करावा, आणि जो आपल्या घरी पानात वाढणार नाही तो पुड्यात भरू नये. हिशेबाची वही दर महिन्याच्या सभेत टेबलावर उघडी ठेवावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी. भाव ठरविणे, खरेदी करणे, तपासणे ही कामे पाळीपाळीने सर्वांना शिकवावीत. आणि अध्यक्षबाईंपासून चिटणीसबाईंपर्यंत प्रत्येकीने, निदान आठवड्यातून एक दुपार, पोळपाटाशी बसावे. अध्यक्षबाई रागावणार नाहीत, याची मला खात्री आहे. त्यांच्या हातचे पोह्याचे पापड ज्यांनी खाल्ले आहेत त्या माझ्या सूचनेला अनुमोदनच देतील.

गच्चीवर बसलेल्या त्या सात जणी आपल्याहून काही निराळ्या नव्हत्या. भांडवल आपल्याजवळ ऐंशी रुपयांहून नक्कीच अधिक निघेल. उन्हाळ्याला अजून अवकाश आहे, पण उडीद भरायचा तो आत्ताच भरावा लागेल. तेव्हा पुढच्या मासिक सभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, आणि ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे द्यावीत, अशी विनंती करून मी आपली रजा घेते. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.